दिवाणाच्या काठावर

एवारिस्तो मंगळवारी येतो, सहा वाजून दहा मिनिटांनी,
दुसऱ्या बसचे पैसे वाचवून
अकरा चौक चालत.
आधी पाणी मागतो. दिवाणावर आडवा होत नाही,
काठावर टेकतो,
दवाखान्यात दुसऱ्या कुणाला घेऊन आल्यासारखा.

रात्री तो सुपरमार्केटात किमतींच्या चिठ्ठ्या बदलतो.
जुनी सोलायची, नवी डकवायची.
सोलायला वेळ नसला तर जुनीवरच नवी.
तेलाच्या फळीवर आता
पेराएवढा थर झालाय म्हणाला,
नखाने उकरलं की मार्च लागतो,
त्याखाली फेब्रुवारी.

झोप? मी विचारते.
येते की. पण तीन वाजता
कुणीतरी माझ्या कपाळावर चिठ्ठी डकवतं
आणि आकडा वाचायला मी उठून बसतो.

मी वहीत लिहिते: स्वतःची किंमत.
खाली रेघ मारते. रेघ मारली की जरा बरं वाटतं.
मला हेच शिकवलंय,
आकड्याखाली आई शोधायची,
भाड्याखाली बाप.
ब्वेनोस आयर्सच्या या एका गल्लीत
पितळी पाट्या लावून आम्ही चौदा जण बसलोय
आणि चौदाही जण शोधतोय.

तो म्हणतो, बाई, बापाचं राहू द्या,
आज घरमालकाचं बोलू.

एक तारखेला मी फी वाढवते.
ते वाक्य आदल्या रात्री आरशासमोर म्हणून बघते,
कारण या खोलीचाही कुणी मालक आहे
आणि त्यालाही आरसा असणार.
फी वाढवल्याची टोचणी घेऊन मी गुरुवारी
माझ्या म्हाताऱ्या विश्लेषकाकडे जाते, फ्रिदमनबाईंकडे.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं,
चष्मा पुसला,
आणि त्यांचीही वाढल्याचं सांगितलं.

समजुतीचं सोंग मला झकास येतं.
पैशाचं कुणालाच आणता येत नाही.

जुलैत तो रिकाम्या हाताने आला नाही
पण पैसेही आणले नव्हते.
सूर्यफुलाच्या तेलाच्या दोन बाटल्या.
कालच्या भावाने घेतल्यात, म्हणाला,
म्हणजे आज तुमचाच फायदा.
भेटवस्तू घ्यायची नाही, हा आमचा पहिला धडा.
मी घेतल्या.
जाडजूड ग्रंथांच्या मधोमध उभ्या केल्या,
तिथे त्या बऱ्या दिसत होत्या.

आणि त्याच दिवशी, तास संपायला सहा मिनिटं असताना,
न विचारता तो बापावर आला.
त्या डिसेंबरात बँकांनी दारं लावली
तेव्हा मी अकरा वर्षांचा, म्हणाला.
बाप घरातली कढई घेऊन गेला
आणि बँकेच्या पत्र्यावर आपटत राहिला दुपारभर.
इतर लोक झाकणं वाजवत होते, डाव वाजवत होते,
याने आख्खी कढई नेली.
पैसे काही आले नाहीत, कढई परत आली
बूड वाकडं होऊन.
आई पुढं त्याच कढईत तळत राहिली,
तेल एका बाजूला जमायचं,
निम्मं करपायचं, निम्मं कच्चं,
आणि आम्ही कुणी काही बोलायचो नाही.

म्हणजे भाड्याखाली बाप होता. खरंच होता.
मी अजून थोडं नख लावलं
तर बापाखाली पुन्हा बँक.

मला काय लिहावं कळेना.
घड्याळ माझ्या बाजूला आहे, त्याला दिसत नाही,
आणि मी त्या दिवशी ते पालथं घातलं.

उठताना तो विचारतो,
पगार नीट झाला तर तुमची गरज लागणार नाही, हो ना?
यावर द्यायची उत्तरं मला पाठ आहेत,
तीन तरी.
माहीत नाही, मी म्हटलं.
तो हसला. माझ्यासमोर पहिल्यांदाच.
मग मफलर विसरून गेला.

ऑगस्टमध्ये त्याचा पगार वाढला. नऊ टक्के.
पाच रात्री सलग झोपलो, सांगत आला,
कूससुद्धा बदलली नाही म्हणे बायको.
सहाव्या रात्री तेलाची फळी त्याच्याकडे होती.

मी वहीत पाच लिहिलं.
खाली रेघ मारली नाही.